हेडलाईट रिले किट: लावलं, एकदा धूर काढला, आता पाच महिने वापरतोय

आधीच सांगून टाकतो, किट वाईट नाहीये. पाचपैकी साडेतीन स्टार. जो दीड कापलाय त्यातला एक अख्खा स्टार रिलेच्या आत बसलेल्या काडीच्या गुलाएवढ्या एका पार्टमुळे गेला, त्याची गोष्ट पुढे येईलच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असले किट दहा नावांनी मिळतात आणि आतला माल बहुतेक सारखाच असतो, त्यामुळे तुम्ही घ्याल त्यालाही हे सगळं लागू पडेल.

किटमध्ये काय येतं तर दोन रिले (म्हणजे आतल्या कॉइलला थोडा करंट दिला की मोठा करंट चालू करणारा स्विच), एक अप्परचा एक डिप्परचा, दोन फ्यूज होल्डर, एच-४ बल्बचे (अप्पर-डिप्पर दोन्ही असलेला हॅलोजन) दोन चिनी मातीचे होल्डर, बॅटरीपासून थेट हेडलाईटपर्यंत जाणाऱ्या नव्या जाड वायरी, आणि एक फिमेल सॉकेट ज्यात गाडीचा जुना हेडलाईट प्लग खुपसायचा. म्हणजे जुन्या वायरिंगने फक्त रिलेला हाक मारायची, ओझं नव्या वायरींनी उचलायचं. रिलेची कॉइल दीड-दोनशे मिलीअँपिअर खाते, आणि दोन ६० वॉटचे बल्ब १० अँपिअर. म्हणजे जुन्या स्विचच्या डोक्यावरचं ओझं पन्नासाव्या हिश्शावर येतं. कल्पना एकदम बरोबर आहे, त्यात वाद नाही.

आता माझी गाडी. १९६२ ची ब्रिटिश सलून, १२ व्होल्ट, डायनॅमोवाली, पॉझिटिव्ह अर्थ. शेवटचे दोन शब्द लक्षात ठेवा, म्हणजे करंट ज्या बॉडीतून परत जातो तिला बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक जोडलेलं, आजच्या गाड्यांच्या उलट. रात्री गाडी काढायची म्हणजे समोर मेणबत्ती धरून चालल्यासारखं व्हायचं, डावा दिवा पिवळा, उजवा त्यातल्या त्यात बरा, आणि डावा इंडिकेटर दिला की डावा पार्किंग लाईटपण त्याच्या तालावर डोळे मिचकावायचा. अशा वेळी माणूस काय करतो, बल्ब बदलतो. मी बदलले. मूळचे डिप्परला ४० वॉटच्या आसपासचे होते, त्या जागी रिफ्लेक्टरसकट एच-४ घातले, ६०/५५ वॉट. फरक शून्य, उलट डॅशबोर्डमधला लाईट स्विच कोमट लागायला लागला. मग किट मागवलं. किट यायला आठवडा लागणार होता आणि हाताला चाळा म्हणून मी मीटर घेऊन बसलो, ते एक बरं झालं, नाहीतर हा रिव्ह्यू "जबरदस्त किट, घ्याच" एवढाच झाला असता.

मीटर घेऊन बसलो म्हणजे कसं, ते नीट सांगतो कारण पहिल्या दिवशी मीपण चुकलोच. हेडलाईटचा प्लग काढला, प्लगमध्ये मीटरच्या पिना घातल्या, १२.३ व्होल्ट दाखवले. वा, म्हटलं वायरिंग ठणठणीत आहे! साफ खोटं. वायरीतली एकच तार शाबूत असली तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतं, कारण मीटर स्वतः काही खातच नाही. दिवा जोडलेला, पेटलेला, करंट वाहतोय, अशा वेळी मोजलं तरच खरं काय ते कळतं. म्हणून प्लग बल्बवरच ठेवायचा आणि मागून पीन खुपसायची. एक पीन बॅटरीच्या लाईव्ह टर्मिनलला, दुसरी बल्बच्या टर्मिनलला, आणि मीटर जेवढे व्होल्ट दाखवेल तेवढे वाटेत सांडतायत असं समजायचं. मग एक-एक टप्पा मागे येत जायचं. अर्थच्या बाजूचं वेगळं मोजायचं, बल्बची अर्थ पीन ते बॅटरीचं अर्थ टर्मिनल. सप्लायच्या बाजूला अर्धा व्होल्ट आणि अर्थला ०.२ च्या वर गेलं की मी तरी तिथे हात घालतो.

भाच्याला ड्रायव्हर सीटवर बसवला होता, पायाने डिप स्विच (अप्पर-डिप्पर बदलणारा) दाबायला. "मार." खट्. "आता परत मार." खट्. दहा मिनिटांनी म्हणतो, "मामा, तू नुसता मार मार करतोयस, पेटतंय की विझतंय ते तरी सांग, मला इथून बॉनेट सोडून काही दिसत नाहीये."

आकडे असे आले. दिवे लावल्यावर बॅटरीवर १२.१. डाव्या बल्बवर ९.९, उजव्यावर १०.४. म्हणजे डाव्या बाजूला २.२ व्होल्ट गायब. त्यातले बॅटरीपासून लाईट स्विचपर्यंत ०.३, लाईट स्विचच्या पोटात ०.५, पायाखालच्या डिप स्विचमध्ये ०.६, ग्रिलमागच्या बुलेट कनेक्टरमध्ये (वायरी जोडणारी गोळीच्या आकाराची पिन) ०.३, आणि अर्थमध्ये ०.५. कुठेही एक मोठा फॉल्ट नाही, सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लंय. आणि बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, साधारण साडेतीनाव्या घातात पडतो. व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर उजेड तीस टक्के जातो. ९.९ व्होल्टला १२ च्या मानाने जेमतेम निम्मा उजेड उरतो. त्यात माझे जास्त वॉटचे बल्ब, जास्त करंट, म्हणून वाटेतला लॉस अजूनच जास्त. नवे बल्ब घालून मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, उघडताना एक गंमत कळली. ब्रिटिश गाड्यांचा रंगांचा नियम पाठ असला की अर्धं काम होतं, तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, निळी हेडलाईटची, त्यावर पांढरी रेघ असली की अप्पर, लाल रेघ असली की डिप्पर, लाल पार्किंगची, काळी अर्थ. पण साठ वर्षांनी सगळ्याच वायरी चिखलाच्या रंगाच्या होतात, कापडी विणीचं आवरण तर हात लावला की पीठ होतं. अशा वेळी बुलेटच्या तोंडाशी रबरी स्लीव्ह असते ती जरा मागे सरकवायची, खाली दोन सुतं लांबीचा तुकडा ऊन-धूळ न लागल्यामुळे अजून कोरा असतो, निळा जर्द, त्यावर लाल रेघ जशीच्या तशी. मला तर ते बघून उगाचच बरं वाटलं. (आणि त्या काळच्या इलेक्ट्रिकल पार्टना शिव्या घालायची जी पद्धत आहे ना, ती मला फारशी पटत नाही. माझ्या गाडीत कारखान्यातून आलेला एकही जॉइंट तुटलेला नव्हता. जे काही घाण होतं ते नंतरच्या मालकांनी पीळ मारून टेप गुंडाळलेलं.)

डिप स्विच काढला. पायाखाली असतो, बुटांचं पाणी, माती, सगळं त्याच्यावर. दोन स्क्रू, एक गंजून निम्मा झालेला. मागची पत्री बाजू उघडली तर आत पितळी कॉन्टॅक्टवर हिरवट काळा थर आणि मधोमध एक खड्डा, तिथे ठिणग्या पडून पडून धातूच जळून गेलेला. बारीक पॉलिश पेपरने घासला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पन्नास वेळा खट खट करून पाहिलं. ०.६ चे ०.२ झाले. लाईट स्विचलाही असंच, तिथे ०.५ चे ०.३ च झाले, आत रिव्हेट मारलेत, पूर्ण उघडता येत नाही, मी नाद सोडला.

अर्थ ही खरी भानगड होती. डाव्या हेडलाईटची, पार्किंगची आणि इंडिकेटरची काळी वायर एकाच स्क्रूवर, आणि तो स्क्रू मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर, आणि त्या पत्र्यावर कोणीतरी गाडी रंगवताना रंग मारलेला. आधी रंग, वर लग (वायरीच्या टोकाची कडी), वर स्क्रू. म्हणजे सगळा करंट स्क्रूच्या आट्यांमधून परत जायचा. इंडिकेटरला परतीची वाट मिळेना की तो पार्किंगच्या बल्बमधून मागच्या दाराने बाहेर पडायचा, म्हणून तो डोळे मिचकावायचा. हे लक्षण कुठल्याही जुन्या गाडीत दिसलं, एक दिवा लावला की भलताच मिणमिणतो, तर बल्ब न बघता आधी अर्थ बघा. रंग खरवडून पत्रा पांढरा केला, नवीन लग, दातेरी वॉशर, वर ग्रीसचा हात. ०.५ चे ०.१. बुलेट कनेक्टर दोन नवीन टाकले, बाकीचे साफ केले, बॅटरीचे लग घासले.

किट यायच्या आधीच, एकही नवीन वायर न टाकता, डावा बल्ब ९.९ वरून ११.२ वर आला. उजेड निम्म्यावरून ऐंशी टक्क्यांच्या आसपास. खर्च म्हणजे एक रविवार आणि अर्धा डबा स्प्रे.

आणि मग किट आलं.

मालाबद्दल. वायरीवर १४ गेज छापलंय. जाड कव्हर घालून बारीक वायर विकायची चाल जुनी आहे म्हणून एक टोक सोललं, ब्लेडने तार खरवडली, आतून पांढरी निघाली असती तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, पण नाही, आतपर्यंत लाल, चोख तांबं. इथे मनापासून शाबासकी. पण अर्थच्या वायरी सप्लायपेक्षा बारीक दिल्यात आणि हे मला कधीच कळलेलं नाही, जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो ना, मग परतीची वाट अरुंद का? मी त्या कापून २.५ चौरस मिलिमीटरच्या टाकल्या. चिनी मातीचे होल्डर छान आहेत, प्लॅस्टिकवाले एच-४ च्या उष्णतेने वितळतात ते टेन्शन नाही, पण एका होल्डरचं टर्मिनल नुसतं ओढल्यावर हातात आलं, त्याची जीभ वाकवून परत बसवावं लागलं. तुम्ही घेतलंत तर गाडीला लावायच्या आधी एक-एक वायर ओढून बघा. उजव्या दिव्याची वायर माझ्या गाडीला वीतभर तोकडी पडली, पण ते बॅटरी कुठल्या बाजूला आहे त्यावर आहे, किटची चूक म्हणणार नाही.

आता तो एक स्टार.

खोक्यावर लिहिलंय, सर्व १२ व्होल्ट गाड्यांसाठी. मी रिलेच्या पिना बघितल्या, ३० ला बॅटरी, ८७ ला बल्ब, ८६ ला स्विचकडून येणारी वायर, ८५ बॉडीला. जगभर हेच आकडे असतात. ३० आणि ८७ ला पोलॅरिटीचं काही पडलेलं नसतं, तो नुसता कॉन्टॅक्ट आहे. कॉइललाही नसतं, कॉइल उलटी जोडली तरी लोहचुंबकच होणार. म्हणून मी बिनधास्त. बॅटरी जोडली, भाचा सीटवर, "लाव" म्हटलं, त्याने स्विच ओढला, आणि रिलेमधून टप्प असा आवाज आला, मागोमाग धुराची एक बारीक रेघ आणि तो वास, ज्याने वास घेतलाय त्याला सांगायला नको. "मामा, बंद करू?" अरे विचारतोस काय!

झालं असं होतं की या रिलेमध्ये कॉइलला समांतर एक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, लावलेला. रिले सुटताना कॉइलमधून उलटा झटका येतो, तो नव्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सला लागू नये म्हणून. डायोडला ८६ वर पॉझिटिव्ह लागतो. माझ्या गाडीत बॉडी पॉझिटिव्ह, म्हणजे ८५ पॉझिटिव्ह झाला, डायोड सरळ दिशेने उघडला आणि लाईट स्विचमधून येणारी जुनी वायर बॉडीला डायरेक्ट शॉर्ट. आणि त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांप्रमाणे माझ्या गाडीतही हेडलाईटच्या सर्किटला फ्यूजच नाही! फ्यूज बॉक्समध्ये दोनच फ्यूज, आणि दोन्ही हेडलाईटच्या वाटेवर नाहीत. नशिबाने डायोडच आधी उडाला. तो टिकला असता तर डॅशबोर्डमागचा हार्नेस पेटला असता.

रिलेच्या अंगावर छोटं चित्र छापलेलं असतं, ते मी बघितलंच नव्हतं. कॉइलचा चौकोन, त्याच्या शेजारी त्रिकोण आणि आडवी रेघ असली तर डायोड आहे, पॉझिटिव्ह अर्थ गाडीत ८५-८६ ची अदलाबदल करायलाच लागणार. शेजारी दुसरा चौकोन असला तर आत रेझिस्टर आहे, कसंही जोडा. काहीच नसलं तरी कसंही जोडा. एवढी एक ओळ खोक्यातल्या कागदावर छापायला काय जात होतं? कागद आहे, चार भाषांत आहे, त्यात वॉरंटीबद्दल दोन परिच्छेद आहेत, पॉझिटिव्ह अर्थबद्दल एक अक्षर नाही. जुन्या गाड्यांच्या फोटोसकट विकता ना, मग लिहा. तो जळका रिले नंतर डायोडशिवाय व्यवस्थित चालला, पण मी दोन्ही काढून रेझिस्टरवाले टाकले.

या सगळ्यातून शहाणपण आलं म्हणून अजून दोन गोष्टी केल्या. लाईट स्विचच्या आधी तपकिरी वायरीवर स्वतःचा एक फ्यूज टाकला. आणि किटमध्ये अप्परला एक, डिप्परला एक असे २० अँपिअरचे फ्यूज होते, म्हणजे डिप्परचा फ्यूज उडाला की दोन्ही बाजूंना एकदम अंधार, तेही नेमका वळणावर. म्हणून प्रत्येक दिव्याच्या प्रत्येक बीमला वेगळा १० चा असे चार केले. जाता जाता, जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं ते उडायचं रेटिंग असतं, सतत वाहायचं त्याच्या निम्मं, साधारण १७. त्या जागी आजचा ३५ चा फ्यूज टाकला तर फ्यूज शाबूत राहील आणि वायर जळेल. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने तेच केलेलं होतं.

बॅटरी सोडताना पॉझिटिव्ह अर्थ गाडीत आधी पॉझिटिव्ह सोडायचा, निगेटिव्ह नाही. बॉडीला जोडलेलं टर्मिनल आधी, एवढं डोक्यात ठेवा, पान्हा बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

रिझल्ट. किट लागल्यावर डाव्या बल्बवर ११.८५, उजव्यावर ११.९, लॉस पाव व्होल्टच्या आत. दोन्ही दिवे एका रंगाचे, पांढरे, स्विच थंडगार. उजेड ऐंशीवरून पंच्याण्णव टक्क्यांवर म्हणा. छान आहे, रस्त्याकडेचा दगड आता आधी दिसतो. पण हिशोब बघा ना, निम्म्यावरून ऐंशी साफसफाईने आणले, किटने वरचे पंधरा. मी आधी मीटर लावलं नसतं तर सगळं श्रेय किटच्या खात्यावर गेलं असतं आणि तो रंगावर बसलेला अर्थचा स्क्रू तसाच राहिला असता, कारण किट पार्किंग आणि इंडिकेटरला हातच लावत नाही.

अजून एक गैरसमज, किट लावून गाडी उभी असताना दिवे मंद व्हायचं थांबत नाही. माझा डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तोही इंजिन चांगलं फिरत असताना. आयडलला जवळजवळ काहीच देत नाही, अँपिअर मीटरचा काटा वजाकडे जातो, दिवे बॅटरीवर चालतात. ॲक्सिलरेटर दिल्यावर उजेड वाढत असेल तर तो वायरिंगचा दोष नाही, तो डायनॅमोचा स्वभाव आहे. रेस करूनही काटा अधिककडे सरकत नसेल तर मात्र बेल्ट, ब्रश, कटआऊट (डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा स्विच) बघा, किटवर पैसे घालू नका. आणि रिले कटकटकट असा वाजायला लागला तर रिले खराब नाही, त्याला हाक मारणाऱ्या जुन्या वायरीतून व्होल्टेज कमी येतंय, परत डिप स्विचकडे चला.

रिले बसवताना पिना खाली येतील असे बसवा, पाणी आत उतरत नाही. मी एक उभा एक आडवा बसवलाय कारण जागाच नव्हती, आडव्याची अजून तरी तक्रार नाही.

कोणी घ्यावं? जास्त वॉटचे बल्ब घातलेत, किंवा मूळ लाईट स्विच मिळत नाही आणि तो जपायचाय, त्यांनी जरूर घ्या. मूळ बल्ब असतील आणि रात्री महिन्यातून एकदा गाडी काढत असाल तर आधी अर्थ आणि डिप स्विच साफ करा, बहुतेक किटची गरजच पडणार नाही. आणि एलईडी टाकून मोकळे व्हा सांगणाऱ्यांचं ऐकू नका, या रिफ्लेक्टरमध्ये फिलामेंट ठरल्या जागी नसलं की उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यात जातो.

भाच्याने आता अट घातलीय, पुढच्या वेळी मामा सीटवर बसणार आणि मीटर त्याच्या हातात. हॉर्न मधूनच स्वतःहून वाजतोय, त्या कामाला बोलावलंय त्याला.